मरायचं की जगायचं, हे पेशी ठरवते

भंडारा-गोंदियाकडे बांध्यांतली ओल आटायच्या आत, कापणीपूर्वीच उभ्या धानात लाखोरी या डाळीचं बी फेकतात. ना नांगरणी, ना खत, ना वेगळं पाणी. तरी ती येते. दुष्काळात बाकी सगळं जळालं की हातात उरते तीही हीच. अशा वर्षी महिनोन्‌महिने फक्त लाखोरीवर दिवस काढले की धडधाकट माणसाचे पाय ताठरतात, टाचा टेकेनाशा होतात, तो काठीवर येतो. १९६१मध्ये केंद्राने या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली ती या लंगडेपणामुळे. इतर धान्याबरोबर बेताने लाखोरी खाणाऱ्यांचाही त्यात विचार व्हायला हवा होता, असं मला वाटतं. पण तो वाद निराळा.

१९६४मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी या डाळीतलं विष वेगळं काढलं. त्याला ओडॅप म्हणतात. मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन निरोप पोचवतं. ओडॅप त्याची नक्कल करतं. चेतापेशी नको तितकी चेतवली जाते आणि तिला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया कोलमडतात. मात्र हा आजार बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतो. एकाच घरात, एकाच हंडीतलं खाऊनही! विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने उंदरांवर याचा माग काढला. माद्यांच्या चेतापेशींत ग्लुटारेडॉक्सिन हे संरक्षक विकर जास्त असतं आणि इस्ट्रोजेनमुळे ते टिकून राहतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे पेशीचं मरण केवळ विषावर ठरत नाही. आतला बंदोबस्त कसा आहे, त्यावरही ठरतं.

हा बंदोबस्त कुठे असतो? बराचसा मायटोकाँड्रियातच. पेशीवर संकट आलं की एरवी तिच्या द्रवात निवांत असलेलं बॅक्स नावाचं प्रथिन मायटोकाँड्रियाच्या आवरणावर जातं आणि त्याला छिद्रं पाडतं. आतलं सायटोक्रोम-सी बाहेर गळतं, कापाकापी करणारी विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःला शिस्तीत मोडून टाकते. या मरणाला अपॉप्टोसिस हे नाव १९७२मध्ये मिळालं.

बॅक्सला वाटेतच अडवणारा एक रेणू २००१मध्ये जपानी शास्त्रज्ञांना सापडला. टोकियोच्या केइओ विद्यापीठातले हाशिमोतो आणि निशिमोतो अल्झायमरने गेलेल्या रुग्णाच्या मेंदूचा मागचा भाग तपासत होते. आजार तिथे तुलनेने कमी पोचतो. मग तिथल्या पेशींना कोण वाचवतं, हा त्यांचा प्रश्न. मला या शोधात सर्वांत आवडतो तो हा उलटा प्रश्न. त्यांच्या हाती लागलं ह्युमॅनिन: अवघ्या चोवीस अमिनो आम्लांचं पेप्टाइड. त्याचा मजकूर निघाला तो मायटोकाँड्रियाच्याच डीएनएमध्ये, तोही जिथे प्रथिनाचा मजकूर असेल असं कुणी धरलं नव्हतं अशा जागी. ते बॅक्सला धरून ठेवतं, हे २००३मध्ये कळलं. पुढे त्यातलं चौदावं अमिनो आम्ल बदलून एचएनजी बनवलं. ते मूळ रेणूपेक्षा सुमारे हजारपट प्रभावी ठरलं. राधिका मुझुमदार आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये दाखवलं, की ते दिल्याने रक्तपुरवठा तुटून परत सुरू झालेल्या उंदरांच्या हृदयाला इजा कमी होते.

प्रजननसंस्थेत मात्र गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पेशी मरणं हाच नेम आहे. पाचव्या महिन्यातल्या स्त्रीगर्भाच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्माला येईपर्यंत दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात त्या चार-पाचशे. बाकीच्या बहुतेक अपॉप्टोसिसनेच संपतात. वृषणातही शुक्रपेशी तयार होताना मोठी गळती होते. ही छाटणी सरसकट थांबवली तर बिघडलेल्या पेशीही टिकतील. उपयोग आहे तो अकाली, बाहेरून लादलेलं मरण टाळण्यात. कॅन्सरच्या औषधांनी तरुण रुग्णाची शुक्रपेशी बनवण्याची क्षमता जाऊ शकते. लॉस एंजेलिसजवळच्या हार्बर-यूसीएलए केंद्रात स्वेर्डलॉफ आणि वांग यांच्या गटाने उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड या कॅन्सरच्या औषधाबरोबर एचएनजी दिलं. शुक्रपेशींच्या पूर्वज पेशी कमी मेल्या, आणि फुप्फुसात पसरलेल्या गाठींवरचा औषधाचा परिणाम घटण्याऐवजी वाढला.

उंदरांवरच्याच दुसऱ्या प्रयोगांत मात्र ह्युमॅनिनमुळे स्तनाच्या एका प्रकारच्या गाठी बळावल्या. पेशी वाचवणारं औषध कोणत्या पेशी वाचवतं, हा प्रश्न म्हणूनच कळीचा. ह्युमॅनिनचं मान्यताप्राप्त औषध अजून बाजारात नाही. तरीही 'केवळ संशोधनासाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या पेप्टाइडांच्या कुप्या इंटरनेटवर तारुण्याच्या नावाखाली विकल्या जातात. त्यांत नेमकं काय आणि किती आहे, याची हमी त्या चिठ्ठीवर नसते.