जखमेवर आळंब्याची पट्टी

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उगवणारी आळंबी आपण पाहतो. त्यांच्यापासून जखमेवर बांधायची पट्टी तयार होऊ शकते, हे ऐकून नवल वाटेल. पण हा संबंध जुना आहे. युरोपात झाडावरील एका कठीण आळंब्याचा मऊ केलेला गर रक्त थांबविण्यासाठी वापरीत. आपल्याकडे फणसाच्या खोडावरील फणसआळंबे उगाळून लहान मुलांच्या तोंडातील व्रणांना लावीत आले आहेत.

शास्त्रज्ञांचे लक्ष मात्र वेधले ते आळंब्याच्या पेशीभित्तिकेने. १८११ साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तिच्यातील न विरघळणारा पदार्थ वेगळा केला. पुढे त्याला कायटिन हे नाव मिळाले. कोळंबीच्या कवचातही हेच कायटिन असते. त्यावर तीव्र अल्काची क्रिया केली, की कायटोसान मिळते.

कायटोसानच्या लांबलचक रेणूवर अमिनो गट असतात. सौम्य आम्लात ते धनभारित होतात. तांबड्या रक्तपेशींचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. विजातीय भारांमध्ये आकर्षण असते, हे तुम्ही शिकलाच आहात. त्यामुळे रक्तपेशी पट्टीला चिकटतात, गुठळी बनते आणि रक्त थांबते.

आता पुढचा प्रश्न जखम भरण्याचा. सोलापुरी टॉवेल केशाकर्षणाने पाणी शोषतो. जखमेवरचे सुती कापडही तसाच द्रव शोषते. पण वाळल्यावर ते चिकटते आणि काढताना नवी त्वचा सोलून निघते. मधुमेही रुग्णांच्या पायावरील हट्टी जखमांत हे फार त्रासाचे होते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले, की ओलसर राखलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते. म्हणजे पट्टीने जादा द्रव शोषावा, पण जखम कोरडी पडू देऊ नये.

तैवानमधील संशोधकांनी गॅनोडर्मा जातीच्या आळंब्याच्या चोथ्यापासून अशी पातळ पट्टी बनविली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत प्राण्यांच्या जखमा सुती पट्टीपेक्षा लवकर भरल्या.

आज बहुतेक कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. आळंब्याला मात्र समुद्र लागत नाही. धिंगरी तर गव्हाच्या काडावरही वाढते. मात्र एक ध्यानात ठेवा. रानातले आळंबे आणून कधीही जखमेवर बांधू नका! त्यावर असंख्य जंतू असतात. उपयोगी पडते ते शुद्ध आणि निर्जंतुक केलेले द्रव्य, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.