पद गटाचं, सावकारी स्वतःची



आज जरा अवघड विषय. गटाची पदाधिकारीच गटाच्या उद्देशाविरुद्ध वागू लागली, तर काय करायचं?

गावोगावी फिरताना आम्हाला एक प्रकार दिसतो. समजा, पदाधिकारी ताई गटातून २०,००० रुपये महिना शेकडा दोनने उचलतात आणि बाहेर शेकडा पाचने देतात. गटाला महिन्याला ४०० रुपये व्याज मिळतं, ताईंना १,०००. वरचे ६०० त्यांच्या पदरात. हप्ता वेळेवर येतो, त्यामुळे वहीत काही खटकत नाही. पण ऐन पेरणीत एखादी सखी कर्ज मागते, तेव्हा गटाकडे पैसे नसतात. मग ती त्याच ताईंच्या दारात जाते. सावकारापासून सुटायला गट काढला, आणि सावकार गटातच बसला!

ताई मोठ्या घरच्या, बँकेची कामं येणाऱ्या, कुणाच्या नात्यातल्या. म्हणून बैठकीत सगळ्या गप्प आणि नळावर कुजबुज. गट फुटतो तो असा. त्यापेक्षा रीतीने जाऊ या.

आधी खात्री करा. कर्ज कशासाठी घेतलं, हे इतिवृत्तात असतं. शेळ्यांसाठी घेतलं असेल, तर शेळ्या कुठे आहेत, एवढंच विचारा.

मग दोघींनी मिळून ताईंशी बोला. एकटीने गेलं की शब्द फिरतात. व्यवहार थांबवायला आणि रक्कम परत भरायला तारीख ठरवून द्या.

नाहीच ऐकलं, तर विषय आधी कळवून बैठक घ्या. ताईंना त्यांची बाजू पूर्ण मांडू द्या. मात्र निर्णयाच्या वेळी त्यांनी मत द्यायचं नाही. त्या अध्यक्ष असतील, तर त्या दिवशी बैठक दुसरीने चालवायची. झालेलं सगळं लिहून सह्या घ्या.

पदावरून काढायचं ठरलं, तर नियमावलीप्रमाणे ठराव करा. पासबुक, चेकबुक, शिक्का, वह्या त्याच दिवशी ताब्यात घ्या आणि ठराव बँकेत द्या. बँकेत सही बदलेपर्यंत जुनीच सही चालते, हे विसरू नका. पद गेलं, तरी ताई सभासद राहू शकतात. त्यांची बचत त्यांचीच. भांडण व्यवहाराशी आहे, बाईशी नाही.

आणखी एक. परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. ताईंना हे आधीच सांगा. पुष्कळदा त्यांनाही ते ठाऊक नसतं.

पुढच्या बैठकीत एवढं करा: प्रत्येक कर्जाचं कारण मोठ्याने वाचा. पदाधिकाऱ्यांच्या कर्जापासून सुरुवात करा.