केरी वॉल्श : वाळूवरची दीर्घ कारकीर्द

पनवेलकर क्रीडारसिकहो, जेथे प्रत्येक पक्षात दोनच खेळाडू, बदली खेळाडू मुळीच नाही, आणि 16 मीटर लांब व 8 मीटर रुंद मैदानाचा अर्धा हिस्सा त्या दोघींनीच राखावयाचा, त्या बीच व्हॉलीबॉलमध्ये अमेरिकेच्या केरी वॉल्श जेनिंग्स यांनी जे कर्तृत्व गाजविले, त्याचा तपशील आपल्या मुलुखात फारसा परिचित नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

15 ऑगस्ट 1978 रोजी कॅलिफोर्नियात जन्मलेल्या केरी 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये सहा जणींच्या व्हॉलीबॉलमध्ये खेळल्या, व तो संघ चौथा आला. परंतु पुढील वर्षी मिस्टी मे यांच्यासह वाळूत उतरल्यावर अथेन्स 2004, बीजिंग 2008 आणि लंडन 2012 अशी तीन सुवर्णपदके या जोडीने लागोपाठ संपादिली, आणि त्यांपैकी पहिल्या दोन स्पर्धांत एकही सेट गमावला नाही. उंच केरींनी जाळ्यापाशी चेंडू अडवावा आणि चपळ मिस्टींनी मागील वाळूत झेपावून तो उचलावा, या श्रमविभागणीच्या बळावर त्यांनी 2007-08 मध्ये सलग 112 सामने जिंकले. लंडनचे सुवर्णपदक स्वीकारताना केरी तिसऱ्यांदा गर्भवती होत्या. आणि रिओत 2016 साली, वयाची 38 वर्षे पूर्ण होताच, एप्रिल रॉस यांच्यासह त्यांनी कांस्यपदकही मिळविले.

पनवेलच्या खाडीत चिखल असला, तरी अलिबाग-किहीमची वाळू आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. चार मुली, एक जाळे आणि एक चेंडू एवढ्या सामग्रीनिशी प्रारंभ करण्यास आता विलंब नसावा.