लहान होला

देशावरील कोरडवाहू गावांत, शाळेच्या पटांगणावर गवताचे बी टिपीत फिरणारा एक तपकिरी पक्षी विद्यार्थ्यांच्या नित्य पाहण्यात असतो. पुष्कळ मुले त्याला पारवा म्हणतात. परंतु तो पारवा नव्हे, होला होय. पारवा पाटीच्या रंगाचा व अंगाने थोराड असतो. हा होला साळुंकीहून किंचित मोठा, लांबीने सुमारे २६ सेंटिमीटर भरतो.

त्याचे डोके व मान फिकट गुलाबी, पाठ मातकट, पंखांची कड निळसर राखी व पाय तांबूस असतात. मानेच्या दोन्ही बाजूंस तांबूस भूमीवर काळ्या ठिपक्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असते. हीच त्याची खरी खूण. मात्र पिलांना ती नसते. नर व मादी दिसण्यात सारखेच.

झुडपी माळ, शेताचे बांध, बाभळी आणि माणसाची वस्ती ही त्याची आवडती ठिकाणे. कोकणातील दमट, दाट झाडीत त्याच्याऐवजी ठिपक्यांचा होला अधिक आढळतो. भारतीय उपजातीस शास्त्रज्ञांनी दिलेले ‘कॅम्बायेन्सिस’ हे नाव गुजरातेतील खंभातवरून पडले आहे.

पाणी पिण्याची त्याची रीत मुलांस अवश्य दाखवावी. कोंबडी घोटागणिक मान वर करते. होला चोच पाण्यात बुडवून सलग पाणी ओढून घेतो.

याचे घरटे म्हणजे चार काटक्यांची विरळ रचना. खालून पाहिल्यास अंडी दिसावीत इतकी! ते काटेरी झुडपात, वळचणीस किंवा खिडकीच्या कोनाड्यातही असते. ते मोडके समजून मुले नीट करावयास जातात. तसे करू देऊ नये. वारंवार त्रास झाल्यास पक्षी घरटे सोडून जातो. अंडी दोन व पांढरी असतात. नर व मादी आळीपाळीने ती उबवितात आणि सुमारे दोन आठवड्यांत पिले बाहेर येतात.

पिलांचा पहिला आहार विलक्षण आहे. नर व मादी या दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरापासून दह्यासारखा एक पौष्टिक पदार्थ तयार होतो. त्यास ‘कपोतदुग्ध’ म्हणता येईल. पिलू आईबापांच्या चोचीत चोच घालून ते घेते. पहिले काही दिवस त्याला दुसरे काहीच चालत नाही. पुढे त्यात भिजलेले बी मिसळू लागते. यामुळेच घरट्यातून पडलेले पिलू घरी नेऊन त्याला कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजणे हे दयाबुद्धीने केले तरी घातक ठरते. हे दूध त्यास पचत नाही, आणि द्रव श्वासनलिकेत जाऊन ते गुदमरण्याचा धोका असतो. असे पिलू अलगद उचलून पुन्हा घरट्यात ठेवावे. घरटे हाती येत नसेल, तर लहान टोपलीत वाळके गवत घालून ती त्याच झाडावर, मांजराच्या वाटेबाहेर बांधावी व सर्वांनी दूर व्हावे. माणसांची वर्दळ थांबली म्हणजे आईबाप बहुधा तेथे येऊन त्यास भरवू लागतात.