रिबिनीच्या फुलाची पन्नास वर्षं

१९७३ सालचा जून. वाईतल्या आमच्या घरी सकाळी आई पाटावर बसायची आणि मी तिच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून. खोबरेल तेल चोपून झालेलं असायचं, मधला भांग पाडून केसांचे दोन वाटे झालेले असायचे आणि आईच्या दातांत लाल रिबिनीचं टोक असायचं. दोन्ही हात वेणीत गुंतलेले, म्हणून रिबीन दातांत. बोलता येत नसल्यामुळे ‘मान सरळ धर’ हे ती कंगव्याच्या टोकानं सांगायची.

शाळेचा नियम साधा होता. केस लांब असतील तर दोन वेण्या, त्या दुमडून वर बांधलेल्या, आणि रिबीन लाल. नियमाला हवं होतं ते एवढंच. त्या रिबिनीचं फूल करायचे ते घरोघरच्या आयांचे हात. अर्धी वेणी घालून झाली की रिबीन मधोमध दुमडून पेडांत घ्यायची आणि टोकापर्यंत केसांबरोबर गुंफत न्यायची. मग वेणी उलटी दुमडून कानामागे मुळाशी आणायची, तिथे घट्ट गाठ मारायची आणि उरलेल्या लांबीतून दोन्हीकडे फासे काढायचे. शेवटी ते फासे बोटांनी फुगवून उघडायचे. एका वेणीला मीटरभर रिबीन लागे. डावं फूल उजव्याएवढं झालं नाही, तर आई दोन्ही सोडून पुन्हा बांधायची. मी आरशात दोन फुलं बघायची आणि मगच दप्तर उचलायची.

या आकाराला आज सगळे ‘बो’ म्हणतात. आमच्या तोंडी तो शब्द नव्हता. आम्ही फूलच म्हणायचो. त्यामागे कारण आहे. आपल्याकडे बाईच्या केसांत जे माळलं गेलं ते मुळात फूल होतं. आबोलीची वेणी, मोगऱ्याचा गजरा, शेवंती, केवड्याचं पातं. सोन्यात घडवलं तेही अग्रफूल आणि गुलाबाचं फूल. माझ्या आजीच्या अंबाड्यावर सणासुदीला अग्रफूल असे. मूद आणि राखडी ही नावं मी तिच्याकडूनच ऐकली. अशा घरात कापडाची पट्टी केसांपर्यंत आली, तेव्हा तिलाही फूल व्हावं लागलं. शब्दांनीही आपापली जागा घेतली. पोर्तुगीज ‘फिता’वरून आलेली ‘फीत’ उद्घाटनाला कापली जाते, सरकारी कागदांभोवती गुंडाळली जाते. इंग्रजीतून आलेली ‘रिबीन’ मुलींच्या केसांत राहिली. खऱ्या फुलाला ऋतू लागतो आणि ते संध्याकाळी कोमेजतं. रिबिनीचं फूल बारा महिने मिळे, आणि ज्या घरी रोज गजऱ्याला पैसे नसत त्या घरच्या मुलीच्याही कानामागे ते तसंच उमलत असे.

त्या काळी रिबीन जपून वापरायची वस्तू होती. रविवारी शाळेच्या गणवेशाबरोबर ती धुतली जाई. ओली रिबीन स्टीलच्या डब्याभोवती ताणून गुंडाळली की वाळताना सुरकुती राहत नसे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला पांढऱ्या रिबिनी लागायच्या. त्यांना हलकी खळ देऊन, तांब्यात निखारे घालून त्या तांब्याच्या बुडानं इस्त्री व्हायची. रिबिनीचे दोन्ही काठ विणतानाच पक्के होतात, म्हणून ती लांबीत उसवत नाही. उसवतात ती कापलेली टोकं. सुती रिबीन असेल तर आई टोक दुमडून बारीक टाके घालायची. घाई असली तर माशाच्या शेपटीसारखं तिरकं कापायची, कारण तिरक्या कापावर धागे लवकर सुटत नाहीत. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. तिच्या आईच्या हातून तिच्या हातात आलं होतं.

रिबीन घ्यायची जागाही ठरलेली होती. वाईजवळ बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाची बगाड यात्रा भरते. तिथल्या दुकानांत बांगड्या, फण्या आणि आकड्यांच्या शेजारी रिबिनींची रिळं टांगलेली असायची. सुती, मखमली, जरीच्या काठाची, नायलॉनची जाळीदार. दुकानदार रिबीन हातावर मोजून द्यायचा. शाळेसाठी लाल घ्यायची हे ठरलेलं असे. वर्षातून एकदा, यात्रेत, आपल्या आवडीची एक घेता यायची. मी घेतलेली मोरपिशी रिबीन अजून माझ्या पत्र्याच्या डब्यात आहे.

केसांबाहेरही रिबिनीची फुलं होती. लग्नघरात रुखवत मांडायचं असे, तेव्हा मावश्या आणि शेजारणी दुपारी एकत्र बसत. रिबिनीच्या एका काठानं धावदोरा घालायचा, दोरा ओढला की चुण्या पडतात, मग ती चुणीदार पट्टी स्वतःभोवती गुंडाळत जायची आणि खाली दोन टाके घालायचे. गुलाब तयार. अशा गुलाबांची परडी, अशा गुलाबांचं तोरण. लग्न झालं की ही कला कपाटात जायची आणि पुढच्या लग्नापर्यंत तिची कुणी आठवण काढत नसे. त्या बायकांना कुणी कारागीर म्हटल्याचं मला आठवत नाही.

रिबिनीला पहिला धक्का रबरानं दिला. १९६६ साली ‘लव्ह इन टोकियो’ हा चित्रपट आला. त्यात आशा पारेख यांनी केसांना लावलेलं दोन मण्यांचं रबर देशभर इतकं लोकप्रिय झालं, की त्या रबरालाच लोक ‘लव्ह इन टोकियो’ म्हणू लागले. आमच्या वर्गात ते सातवी-आठवीत पोचलं. दोन मणी एकमेकांत अडकवले की काम झालं. दातांत काही धरायला नको, आईही नको. मग हेअरबँड आला, बॉबकट आला. १९८७ साली अमेरिकेत रॉमी रेव्हसन यांना कापडात रबर घातलेल्या चुणीदार बंधनाचं पेटंट मिळालं. तेच आजचं स्क्रंची. १९९१ नंतर परदेशी माल हळूहळू बाजारात येऊ लागला आणि प्लास्टिकच्या फुलपाखरांनी, क्लचरनी दुकानांचे कप्पे भरले. १९९२ साली जन्मलेल्या माझ्या मुलीचे केस शाळेत कायम मानेपर्यंत होते. तिच्या वेण्या मी कधी घातल्या नाहीत. तिच्या शाळेची सारी वर्षं माझा रिबिनींचा डबा बंद राहिला. गावोगावच्या शाळांत मात्र लाल रिबिनी राहिल्या, आणि आजही सकाळी रस्त्याकडेनं चालणाऱ्या मुलींच्या कानामागे त्या दिसतात.

मी पुन्हा रिबिनीकडे वळले ती गौरींमुळे. आवाहन, पूजन, विसर्जन असे तीन दिवस गौरी घरात असतात आणि ताजी वेणी दुसऱ्या दिवशीच मलूल होते. २०१४ साली तुळशीबागेत मला सॅटिनच्या रिबिनीची वेणी दिसली. पांढऱ्या कळ्या, मधे आबोली रंगाची फुलं. विकत आणली, गौरींना माळली आणि विसर्जनानंतर रात्री बसून ती उसवली. कशी केली आहे ते मला बघायचं होतं. फूल उघडलं तर पाकळी म्हणजे रिबिनीचा चौकोन निघाला. चौकोन तिरका दुमडलेला, पुन्हा दुमडलेला, टोकं मागे घेतलेली आणि खालची कड वितळवून चिकटवलेली. धावदोऱ्याचा गुलाब मला येत होता. ही घडी वेगळी होती.

भाचीनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला, तेव्हा ती घडी कुठली ते कळलं. ती जपानची होती. तिथे एदो काळापासून रेशमाचे लहान चौकोन चिमट्यानं दुमडून, भाताच्या खळीनं चिकटवून केसांत खोचायची फुलं करतात. ‘त्सुमामी’ म्हणजे चिमटीत धरणं. ‘कानझाशी’ म्हणजे केसांत खोचायचा दागिना. गोल पाकळीची घडी वेगळी, टोकदार पाकळीची वेगळी. या दोन घड्यांतून सगळी फुलं उभी राहतात. क्योटोतल्या माइको, म्हणजे गेइशा होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुली, महिन्याप्रमाणे फुलं बदलतात. फेब्रुवारीत प्लमची, एप्रिलमध्ये चेरीची, मे महिन्यात विस्टेरियाची, नोव्हेंबरमध्ये मेपलची पानं. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. शेवंतीच्या दिवसांत शेवंती आणि मोगऱ्याच्या दिवसांत मोगरा माळणारी. टोकियोचं नाव घेऊन आलेल्या रबरानं माझ्या वर्गातली रिबीन मागे सारली होती. चाळीसएक वर्षांनी जपानच्याच घडीनं ती माझ्या हातात परत दिली.

रेशमाच्या जागी आपल्याकडे सॅटिन आलं, आणि त्यामुळे कृतीही बदलली. बाजारातली बहुतेक सॅटिन रिबीन पॉलिएस्टरची असते. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून कापलेली कड मेणबत्तीवर धरली की धागे एकमेकांत मिसळून कड पक्की होते. ज्योतीच्या खालच्या निळसर भागाजवळ, क्षणभर. वरच्या पिवळ्या ज्योतीत धरली तर काजळी बसते, जास्त वेळ धरली तर कड तपकिरी होते. पहिल्या महिन्यात मी असे कितीतरी चौकोन काळे केले आणि बोटं भाजून घेतली. दोन इंची रिबिनीचे दोन इंची चौकोन कापायचे, पाकळ्या करून ठेवायच्या, पाच किंवा आठ पाकळ्या दोऱ्यात ओवून गोल ओढायच्या, मधे मणी, मागे फेल्टची चकती आणि ग्लूगननं चिकटवलेली टिकटॅक पिन. पाकळ्यांची घडी एकाच बाजूला वळलेली हवी. एक जरी उलटी पडली तरी फूल वाकडं दिसतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि घरोघरी हे काम सुरू झालं. आमच्याच इमारतीतल्या तिघी माझ्याकडून घडी शिकल्या. पुढे हळदीचे दागिने, डोहाळेजेवणाचे मुकुट, गौरींच्या वेण्या, लहान मुलींच्या पिना असा वर्षभराचा क्रम बसला. बचत गटांच्या स्टॉलवर लोणची आणि पापडांच्या शेजारी रिबिनीची फुलं दिसू लागली. हे सगळं बघताना आनंद होतो. पण एक गोष्ट मनाला लागते, आणि ती सांगितल्याशिवाय हा मागोवा पुरा होणार नाही.

आठ पाकळ्यांचं एक फूल नीट करायला माझ्या सरावलेल्या हाताला पंचवीस मिनिटं लागतात. रिबीन, मणी, चकती, पिन मिळून माझा खर्च चौदा-पंधरा रुपये होतो. एका दुकानदारानं माझी फुलं वीस रुपयांना मागितली आणि म्हणाला, “ताई, रिबिनीचे आठ तुकडे तर आहेत.” त्या हिशेबात पंचवीस मिनिटांना पाच रुपये पडत होते. मी फुलं परत आणली. त्याच्यावर राग धरून काय करू? आपण सगळ्यांनीच हे काम असंच मोजलं आहे. आईनं रोज सकाळी दोन फुलं बांधली, संध्याकाळी सोडली, रविवारी धुतली. रुखवताचे गुलाब मावश्यांनी दुपारी विनामोबदला केले. जे रोज आणि घरातच होतं, त्याला कौशल्य म्हणायची सवय आपल्याला लागली नाही. आज तेच काम बाजारात उभं राहिलं, तरी जुनी मोजपट्टी तशीच आहे.

दुसरी चिंता मालाची. आईची सुती रिबीन विटली की भाजीची जुडी बांधायला जायची आणि शेवटी मातीत मिसळायची. सॅटिनचं फूल म्हणजे प्लास्टिकच. ते कुजत नाही. म्हणून गेल्या तीन वर्षांपासून मी शिंप्याकडे उरलेल्या खणाच्या आणि इरकलीच्या चिंध्या आणते. गुळेदगुड्डचा खण काठासकट कापला की त्याचं फूल वेगळंच दिसतं. पण सुती-रेशमी कापड वितळत नाही, जळतं. तिथे मेणबत्ती चालत नाही. कड दुमडून बारीक टाके घालावे लागतात, तेच टाके, जे आई रिबिनीच्या टोकाला घालायची. एका फुलाला पंचवीसच्या जागी चाळीस मिनिटं लागतात, आणि त्याची किंमत मी तशीच लावते. घेणाऱ्या कमी आहेत, पण त्या पुन्हा येतात.

गेल्या जूनमध्ये माझी नात पहिलीत गेली. तिच्या शाळेचा नियम पांढऱ्या रिबिनीचा आहे. पहिल्या दिवशी तिच्या आईला, म्हणजे माझ्या मुलीला, वेणी घालता येत नव्हती. मी शिकवली. अर्ध्या वेणीत रिबीन कशी घ्यायची, दुमडून कुठे आणायची, फासे कसे फुगवायचे. बत्तीस वर्षांच्या बाईनं दातांत रिबीन धरून लेकीची मान कंगव्यानं सरळ केली, तेव्हा मी काहीच बोलले नाही. चार दिवसांत तिला जमलं.

वाचकांना माझं सांगणं एवढंच आहे. हातानं केलेलं रिबिनीचं फूल विकत घ्याल, तेव्हा रिबिनीचा भाव करू नका. ते करायला किती वेळ लागला ते विचारा आणि त्या वेळेचे पैसे द्या. आणि घरात कुणी हे काम करत असेल, तर एक दुपार तिच्याजवळ बसून एक पाकळी दुमडायला शिका. ज्याला ती घडी घालता येते, त्याला तिची किंमत सांगावी लागत नाही.