कापूस मरत नाही, दबतो

पावसाळ्याच्या तोंडावर घर आवरताना आमच्याकडे माळ्यावरून एक जुनी गादी खाली आली. सासूबाईंच्या लग्नातली, कापसाची. दबून दबून लाकडासारखी घट्ट झालेली. माझी लेक म्हणाली, "अम्मी, टाकून देऊ या. फोमची आणू, हलकी असते." मीही जवळजवळ हो म्हटले होते. तेवढ्यात दादीने आतून आवाज दिला, "आधी नदाफाकडे ने. कापूस मरत नसतो बेटा, दबतो."

दुसऱ्या दिवशी गादी रिक्षात घालून नेली. कारागिराने खोळ उसवली, कळकट गोळे मोकळे केले आणि पिंजणयंत्रात सोडले. पलीकडून पांढरा, फुललेला कापूस बाहेर पडू लागला. थोडा भुगा होऊन गेला, तेवढा नवा कापूस घातला. पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची नवी खोळ शिवली, कापूस काठीने झोडपून सारखा केला आणि दाभणाने टाके घातले. संध्याकाळी तीच गादी घरी आली तेव्हा लेकीने तिच्यावर पहिली उडी मारली.

आजकाल शहरांतल्या मोठ्या दुकानांत 'पर्यावरणस्नेही', 'हस्तनिर्मित' अशा पाट्या लावून पडदे, पलंगपोस, रजया विकल्या जातात. माती, लाकूड, सुती कापड यांची घरात पुन्हा आवड दिसते. चांगलेच आहे. पण हे आपल्याच गल्लीत पूर्वीपासून होते, हे मात्र आपण विसरलो आहोत.

नावातच हुन्नर

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांत नदाफ किंवा पिंजारी आडनावाची घरे गावोगाव आहेत. अरबीत 'नद्दाफ' म्हणजे कापूस पिंजणारा. 'हल्लाज' या शब्दाचाही तोच अर्थ. इ. स. 922 मध्ये बगदादला सुळावर गेलेले सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्या नावातला हल्लाज तोच, आणि उत्तरेकडचे पिंजारी स्वतःला मन्सूरी म्हणवतात ते त्यांच्याच नावावरून.

पूर्वी पिंजारी खांद्यावर भलेमोठे धनुष्य घेऊन दारोदार फिरत. त्याची तात कापसात धरून लाकडी ठोकळ्याने छेडली की 'टणण टणण' आवाज घुमे आणि कापूस धाग्याधाग्याने सुटे. आज ते काम यंत्र करते. कापसाची धूळ मात्र तशीच उडते. वर्षानुवर्षे ती छातीत गेली तर फुफ्फुसे निकामी होऊ शकतात. नाकाला कापड बांधून काम करणाऱ्या या माणसाशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करताना एवढे आठवावे.

फोम पेट्रोलियमपासून बनतो. तो बसला की पुन्हा फुलत नाही. शेवटी ओढ्याकाठी पडतो नाहीतर जळतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. कापसाची गादी जड असते, तिला उन्हे दाखवावी लागतात, हे खरे. कुणाला पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी वेगळी गादी सांगितली असेल तर तीच वापरावी. पण धडधाकट घराने निव्वळ फॅशन म्हणून कापूस उकिरड्यावर का टाकावा?

वाकळ आणि कवंडी

आपल्याकडची वाकळ अशीच. चार-पाच जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्याने शिवायची. धुऊन धुऊन मऊ झालेले ते सूत बाळाच्या अंगाला टोचत नाही. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया 'कवंडी' शिवतात. त्यांत आपल्या मुस्लिम भगिनीही आहेत. कडेपासून सुरुवात करून टाका आत आत मध्यापर्यंत नेतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे फूल लावतात. त्या फुलाशिवाय कवंडी त्यांना उघडीबोडकी वाटते. या कवंड्या अमेरिकेत प्रदर्शनात लागल्या. आपली वाकळ मात्र पाहुणे आले की आपण कपाटात लपवतो.

आपल्या दीनमध्ये या साधेपणाला लाज नाही, इज्जत आहे. हजरत मुहम्मद (स.) यांचे अंथरूण चामड्याचे होते आणि त्यात खजुरीचा काथ्या भरलेला होता, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. ते आपले कपडे स्वतः सांधत. घरात गरजेपेक्षा जास्त बिछाने नकोत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे, आणि इस्राफची मनाई कुरआनात (7:31).

घरी काय करता येईल

उचगावला लागून गांधीनगरची घाऊक कापडपेठ, जवळच इचलकरंजीचे माग. कापडाची आपल्याला ददात नाही. शिंप्याकडच्या कातरणीतून उशांचे अभ्रे, पायपुसणी, दस्तरखान होतात. उशीत सावरीचा कापूस भरावा. गादी दर काही वर्षांनी पिंजून घ्यावी. लेकीच्या निकाहात देण्याघेण्याचा थाट नकोच. पण घर मांडायला काही द्यायचेच असेल, तर दादी-नानीच्या साड्यांची एक वाकळ द्यावी.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेत पालकांचा व्यवसाय लिहून घेताना एक मुलगा 'बिझनेस' एवढेच म्हणाला आणि खाली बघत राहिला. त्या दिवशी गादी घेऊन गेले तर भुग्याने पांढरा झालेला तोच मुलगा अब्बांना खोळ धरून देत होता. मला पाहून तो आत पळाला. मला वाईट वाटले, पण राग त्याचा नव्हता. या कामाला हलके समजायला त्याला आपणच शिकवले होते.

पुढे कार्यानुभवाच्या तासाला मी त्याच्या अब्बांना वर्गात बोलावले. त्यांनी घरात जपलेले आजोबांचे पिंजण आणले. तात छेडली तसा सगळा वर्ग पुढे सरकला. "कोण धरतंय?" त्यांनी विचारले. पहिला हात त्यांच्याच मुलाचा वर आला.