हबल वळवण्याआधी गच्चीवर विचारणा

अवकाशात हबल फिरत असताना गच्चीवरच्या दुर्बिणीला कोण विचारतो? हा प्रश्न आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हमखास येतो. विचारतो तर! 2012-13 मध्ये खुद्द हबलवाल्यांनीच विचारलं होतं.

वॉरिक विद्यापीठाचे बोरिस गेन्सिके यांना हबलवरच्या ‘सीओएस’ या वर्णपटमापकातून सुमारे 40 जोडतारे पाहायचे होते. अशा जोडीतला श्वेत बटू जोडीदाराचा वायू ओढून घेतो. तो वायू भोवती तबकडीसारखा साठत जातो आणि केव्हातरी ही तबकडी भडकते. एरवी मंद असलेला तारा एकदोन दिवसांत कितीतरी पटींनी उजळतो. सीओएसचा शोधक मात्र मंद अतिनील प्रकाशासाठी बनवलेला, एकेक फोटॉन मोजणारा. भडकलेला तारा समोर आला तर त्याला इजा व्हायची भीती.

मग हबलने स्वतःच आधी डोकावून का पाहू नये? कारण त्याचं वेळापत्रक खूप आधी बांधलेलं असतं आणि हे उद्रेक काही पंचांग पाहून येत नाहीत. म्हणून 1911 साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’च्या जगभरच्या हौशी निरीक्षकांना या ताऱ्यांवर पहारा ठेवायला सांगितलं गेलं. एकीकडे ढग आले तरी दुसऱ्या देशात आकाश मोकळं असतं. त्यांच्या ताज्या नोंदी पाहून निरीक्षण करायचं की नाही ते ठरे. हवी असलेली खबर एकच होती: तारा शांत आहे.

‘काही दिसलं नाही, रात्र वाया गेली’ ही समजूत मला म्हणूनच सगळ्यात खटकते. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या कामात न दिसणं हीसुद्धा नोंद असते. प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद. 13.5 प्रतीपर्यंतचे तारे दिसताहेत, पण आपला नाही? वहीत ‘<13.5’ असं लिहायचं, म्हणजे ‘त्याहून मंद’.

डोळ्यांनी प्रत ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, असंही काहींना वाटतं. प्रत्यक्षात नकाशावर शेजारच्या ताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात. 84 म्हणजे 8.4, दशांशाचा ठिपका गाळतात, नाहीतर तोच तारा वाटायचा! आपला तारा 84 पेक्षा मंद, 90 पेक्षा तेजस्वी आणि मधोमध दिसला, तर 8.7. यात एकदोन दशांशांची चूक होतेच. पण हंस तारकासमूहातला ‘एसएस सिग्नी’ हा असाच जोडतारा उद्रेकात 12 वरून 8 प्रतीपर्यंत, म्हणजे जवळपास 40 पट उजळतो. तिथे एवढी चूक कोण विचारात घेतो?

याच ताऱ्याचं अंतर हबलने सुमारे 520 प्रकाशवर्षं मोजलं होतं. ते खरं मानलं, तर तबकडी कशी भडकते याचं प्रचलित गणितच बसेना. 2013 मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या मोजणीतून सुमारे 370 प्रकाशवर्षं असा आकडा आला आणि गणित जुळलं. त्या दुर्बिणींना हा तारा दिसतो तो उद्रेकाच्या काळातच. उद्रेक सुरू झाल्याची खबर त्यांना कळवली होती हौशी निरीक्षकांनी.